उजव्या पायाची उपकारस्तुती

आमच्या ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची पद्धत आहे. पोरं पास झाली, घर झालं, माणूस दुखण्यातून उठलं, की चर्चच्या पाळकसाहेबांना आणि चारचौघांना घरी बोलवायचं, देवाचे आभार मानायचे आणि मग चहा-शिरा. म्हणजे सगळं नीट पार पडल्यावर. माझ्या आईनं मात्र ती आधीच ठेवली, आणि तीही पाय कापायला दाखल व्हायच्या दिवशी.

आई निवृत्त सरकारी नर्स. मधुमेहानं तिच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला, मग निम्मं पाऊल. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल, संध्याकाळी दाखल व्हा, उद्या ऑपरेशन. आई शांतपणे म्हणाली, "येते. पण चार वाजता माझ्याकडे उपकारस्तुती आहे, ती आटपून येते." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी आईकडे, कारण असलं काही ठरलेलंच नव्हतं.

रिक्षात माझा तोल गेला. मी शाळेत गणित शिकवते, ज्याचं उत्तर जुळत नाही त्याचा मला राग येतो. शिवाय कित्येक वर्षं मी उपासनेला जात होते ती फक्त आईला स्कूटरवरून सोडायला. "कसले आभार गं?" मी ओरडलेच. "पाय वाचव म्हणून माग की त्याच्याकडे!"

"तीन आठवडे मागतेच आहे," आई म्हणाली. "मागून झालं. दिलं होतं त्याचे आभार राहिलेत. ते न मानता गेले, तर उद्यापासून नुसती रडत बसेन. मला चालायला शिकायचंय."

चार वाजता नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत आईनं फोन करून बोलावलेले सात-आठ जण दाटीवाटीनं बसले. कुठलं गीत म्हणायचं ते कुणालाच सुचेना. पाळकसाहेब वयानं लहान, त्यांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात आईनंच डोळे मिटून सुरुवात केली.

"बापा, या पायासाठी तुझे उपकार."

मग ती सांगत गेली, कसलाही क्रम न लावता. लशीची पेटी खांद्याला लावून गव्हाणकडच्या मिठागरांच्या बांधावरून उन्हातान्हात केलेली पायपीट. चिखलात चप्पल रुतली तेव्हा तशीच अनवाणी बाळंतिणीपर्यंत पोचली, आणि पायाळू बाळ जगलं, त्याचे उपकार. माझ्या वडिलांबरोबर कर्नाळ्याचा किल्ला चढली त्याचे. तिथं वडील निम्म्या वाटेत दमून बसले, हेही तिनं देवाला सांगितलं आणि स्वतःशीच हसली. "आणि ही माझी मुलगी चार वर्षांची असताना तापानं फणफणली, वाहन मिळेना. हिला कडेवर घेऊन हा पाय दवाखान्यापर्यंत पळाला. हिला ते आठवत नाही. तुला ठाऊक आहे."

मला खरंच आठवत नव्हतं.

"पुष्कळ चालवलंस. आता तुझा तुला परत," आई म्हणाली. शेजारणीचं भांडं घासूनपुसून परत करावं, तसा तिचा आवाज होता. सगळे "आमेन" म्हणाले, पण उशिरा, एकेक करून.

मग तिनं मला घमेल्यात कोमट पाणी आणायला सांगितलं. मी उजव्या पायाच्या पट्टीकडे हात नेला. "तो नको, डावा धू," ती म्हणाली. "त्याच्यावर उद्यापासून दोघांचं काम आहे." मी खाली बसून तो पाय धुतला. टाच भेगाळलेली, नखं जाड, घोट्याला जुना व्रण. पन्नास वर्षांत मी माझ्या आईचा पाय असा हातात घेतला नव्हता. ही बाई भ्यालेली होती, आणि तरीही ती निघायच्या तयारीत होती. हे बळ कुठून येतं ते मला कळेना. मला तिच्याकडे वर बघायचा धीरच झाला नाही.

म्हणून ऑपरेशननंतर सगळं सोपं गेलं असं नाही. दोन दिवस ती रडली. नसलेल्या अंगठ्याला खाज येते म्हणून चिडली, एकदा तर चहाचा कप ढकलून दिला. पाचव्या दिवशी वॉकर आला आणि ती खाटेच्या कडेला नुसती उभी राहिली, तेवढ्यानंच घामाघूम झाली.

त्याच दिवशी समोरच्या खाटेवर गव्हाणची एक शेतकरीण आली, माझ्याच वयाची. तिचाही पाय तसाच काळा. दोन्ही लेक हात जोडून विनवत होते, डॉक्टर दोनदा फॉर्म घेऊन येऊन गेले, पण तिचं एकच, "मी मरन, पन पाय नाय देनार." दुपारपर्यंत तिचा ताप चढला.

आई म्हणाली, "वॉकर दे."

दोन खाटांमध्ये पाच-सहा पावलांचं अंतर. आईनं ते डाव्या पायावर उड्या मारत पार केलं, प्रत्येक उडीला थांबून, दात आवळून. मी तिला सावरायला हात पसरून मागे होते. ती तिथं पोचली, खाटेवर बसली, गाऊन वर केला आणि गुडघ्याखाली उरलेला, पट्टी बांधलेला उजवा पाय त्या बाईपुढे ठेवला. "हात लाव."

बाईनं बोटं टेकवली. "दुकतंय काय हो मावशी?"

"दुखतं तर. रात्री रडतेसुद्धा," आई म्हणाली. "पण आत्ता इथवर मीच आले ना?"

बाईनं त्या पायावरून एकदा तळवा फिरवला. मग लेकाला म्हणाली, "कागद आन. पन मावशी, तुमी हितंच बसा, जाव नका."

आई बसली. सही होईपर्यंत तिचा हात धरून बसली. आईला सावरायला पसरलेले माझे हात मोकळेच राहिले होते, आणि ते केव्हा जोडले गेले ते मला कळलं नाही.