कोऱ्या भिंतीवरच्या चिठ्ठ्या

आमच्या समाजभवनात आजवर जेवढे कार्यक्रम झाले, त्या सगळ्यांत मंचावर पाच खुर्च्या असायच्या. मधली खुर्ची मुख्य अतिथीची, आणि तो माणूस उशिरा येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक. रायपूरच्या रेल्वे वस्तीला लागून असलेलं हे भवन आमच्या लोकांनी वर्गणी काढून बांधलं आहे. माझे आजोबा विदर्भातून रेल्वेच्या कामावर इकडे आले, वडीलही रेल्वेतच राबले. घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. हे मी कुठेही सांगतो आणि सांगताना आवाज खाली करत नाही.

पण ही गोष्ट माझी नाही. आमच्याच पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका पोट्टीची आहे. ती मला दादा म्हणते. तिच्या घरातही कॉलेज पाहिलेली ती पहिली. बुढापाऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर, दुकानदारांच्या वेबसाइटी बनवून देणारं छोटं ऑफिस आहे, तिथे ती कामाला आहे. मी नवा रायपूरला एका संस्थेतले कंप्युटर सांभाळतो. संध्याकाळी बसने मी तिच्या ऑफिसाजवळ बुढा तालाबपाशी उतरायचो, तिथून तिच्या स्कूटरच्या मागे बसून घरी यायचो आणि रस्ताभर तिचं बोलणं ऐकायचो.

एकदा ऑफिसने तिला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या तंत्रज्ञान परिषदेला पाठवलं होतं.  परत आल्यावर काही दिवसांनी बुढा तालाबजवळ चहा पिताना एकदम म्हणाली, "दादा, दोन दिवस बसली मी तिथं. एक प्रश्न होता, तो बॅगमधीच घेऊन वापस आली."

मी विचारलं, काहून? तर म्हणाली की तिथे प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आधी आपल्याला काय काय येतं तेच सांगायचा, आणि मग शेवटी उगाच एक प्रश्न जोडायचा. आपल्याला येत नाही हे तिथे तोंडातून काढायला जागाच नव्हती. मला तिचं म्हणणं लगेच पटलं. कॉलेजात पहिल्या वर्षी शेवटच्या बाकावर मी कसा बसायचो, ते माझं मला माहीत आहे.

तिने मग कुठेतरी वाचलं की एका प्रकारच्या मेळाव्याला अनकॉन्फरन्स म्हणतात. त्यात वक्ते आधी ठरवत नाहीत. लोक सकाळी येतात, ज्याला जे विचारायचं किंवा शिकवायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावतात, आणि मग ज्याला जो विषय आवडेल त्या कोपऱ्यात जाऊन बसतात. नाही आवडलं तर उठून दुसऱ्या कोपऱ्यात. कोणी वाईट वाटून घेत नाही. हे आपल्या भवनात करायचं, आणि ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासाठी करायचं, असं तिने ठरवलं.

भवनाचे सचिव म्हणजे आमचे काका. रेल्वेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि भवनाच्या किल्ल्या स्वतःच्या कंबरेला लावून हिंडणारे. आम्ही दोघं त्यांच्यासमोर जाऊन बसलो. त्यांनी विचारलं, वक्ता कोण. ती म्हणाली, कोणी नाही. मुख्य अतिथी? नाही. बरं, सूत्रसंचालन तरी कोणी करणार की नाही? तर तेही नाही.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे तुले माहा हॉल पाहिजे, माह्या खुर्च्या पाहिजे, माईक पाहिजे. फक्त कार्यक्रम नाही पाहिजे."

"कार्यक्रम लोक करतील, काका. मी फक्त भिंत कोरी ठेवतो."

"आपले लोक भिंतीवर लिहून राहिले? या हॉलच्या भिंतीले कोनी हात लावला त मी ओरडतो. तीस वर्षं झाले ओरडून राहिलो."

शेवटी त्यांनी एक अट घातली. त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक होते, माहिती तंत्रज्ञान आणि आजचा युवक या विषयावर त्यांचं भाषण तयारच असायचं. ते पुढच्या रांगेत बसतील. अकरा वाजेपर्यंत भिंत कोरीच राहिली तर माईक त्यांच्याकडे, आणि नंतर असल्या कामासाठी तिने पुन्हा हॉल मागायचा नाही. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, पण ती तोवर "हव" म्हणून मोकळी झाली होती.

पुढचे काही आठवडे ती घरोघरी फिरली. मी सोबत असायचो, पण बोलायची तीच. तिचं बोलणं ऐकताना मला एक गोष्ट कळली, ती अजून मी कामावर वापरतो. ती कुणालाही "सोपं आहे" म्हणायची नाही. मी एकदा एका मावशींना तसं म्हणालो, तर बाहेर आल्यावर मला झापलं. "सोपं आहे म्हटलं आनि त्याईले नाही जमलं, त त्याईले काय वाटन? सोपंही नाही जमत?" ती सांगायची ते एवढंच: जे अडतं ते घेऊन या, तिथे सगळ्यांचं काही ना काही अडलेलं असेल. आणि बायकांनी आमचं काय काम तिथं म्हटलं की विचारायची, "घरात मोबाइल कोणाच्या हातात जास्त असते?" मग त्या हसायच्या, आणि बोलणं सुरू व्हायचं.

रविवारी सकाळी हवेत गारवा होता. आदल्या दिवशी आम्ही खुर्च्या गोल गोल मांडून ठेवल्या होत्या. लोक आले, त्यांनी खुर्च्या पाहिल्या, आणि एकेक उचलून मंचाकडे तोंड करून सरळ रांगा लावल्या. सांगितलं कुणीच नव्हतं. हात आपोआप चालले. समोरचा मंच रिकामा होता तरी सगळे त्याच्याकडेच पाहत बसले. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, राहू द्या.

वंदना झाली. ती पुढे उभी राहिली आणि तिने नियम सांगितला: दारात कागद दिले आहेत, त्यावर विषय लिहा, खाली आपलं नाव लिहा, पुढे येऊन दोन वाक्यांत सांगा आणि भिंतीला चिकटवा. मग बाजूला सरकून थांबली.

कुणी उठेना. हॉल बऱ्यापैकी भरला होता. पाऱ्यातल्या बायका, कामावरून सुट्टी असलेले बाप्ये, कॉलेजची पोरंपोरी, अभनपूरहून बसने आलेली एक आई आणि तिची मुलगी. पोरं एकमेकांना कोपराने ढोसत होती, "तू जा ना यार पहले." मराठी त्यांना सगळी समजते, पण तोंडातून हिंदीच येते. काका दारापाशी उभे राहून भिंतीवरचं घड्याळ बघत होते. प्राध्यापकांनी खिशातून भाषणाचे कागद काढून मांडीवर ठेवले.

मला राहवेना. एक कागद घेऊन मी काहीतरी खरडलं आणि उठलो. एकाने सुरुवात केली की बाकीचे येतील, असा हिशोब. तिने लांबूनच मान हलवली. नंतर तिने कारण सांगितलं: आयोजकाने लावलेली चिठ्ठी लोक ओळखतात, मग त्यांना वाटतं की हाही एक ठरलेलाच कार्यक्रम आहे. त्या क्षणी मात्र मी खाली बसलो. मनात म्हटलं, आता गेलं हे.

अकराला थोडाच वेळ राहिला होता तेव्हा मागून तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून पेन काढला. एरवी कार्यक्रमपत्रिकेचा कोपरा फाडतात, या वेळी ती नव्हतीच, म्हणून आम्ही दारात दिलेल्या कागदाचा तुकडा फाडून त्यावर काहीतरी लिहिलं. चार घड्या घातल्या. आणि समोरच्या बाईच्या खांद्याला बोट लावून तो तिच्या हातात दिला. तिने न उघडता पुढे दिला. तिने पुढच्याला. आमच्याकडे हे असंच चालतं. कुणाला गाणं म्हणायचं असो, कुणाच्या मुलाचा सत्कार राहून गेला असो, नाहीतर पंखा जोरात करा एवढंच सांगायचं असो, माणूस उठून मंचाकडे जात नाही. चिठ्ठी हातोहात पुढे जाते, सूत्रसंचालकाकडे पोचते, आणि तो ती वाचतो. स्वतः उठून, नाव सांगून पुढे उभं राहणं म्हणजे मिरवणं. ते आमच्यात चालत नाही.

ती चिठ्ठी पहिल्या रांगेत प्राध्यापकांपर्यंत आली आणि अडकली. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पुढे द्यायला कुणी नव्हतंच. सूत्रसंचालकाची जागा आम्ही काढून टाकली होती. मग त्यांनी ती आपल्या भाषणाच्या कागदांवर ठेवली आणि तिच्यावर बोट धरून बसले.

हे माझ्या डोळ्यांसमोर झालं, पण मला काही उमगलं नाही. तिला उमगलं. त्यासाठी मी तिला मानतो. वाचून, विचार करून, आठवडेच्या आठवडे खपून जी गोष्ट तिने उभी केली होती, तिच्यातला एक खांब चुकीच्या जागी आहे हे तिला दिसलं, आणि तिने तो तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर काढला. ती प्राध्यापकांजवळ गेली, हात पुढे केला, चिठ्ठी घेतली. मंचावर चढली नाही. खालीच, डाव्या बाजूला, जिथे सूत्रसंचालक उभा राहतो तिथे माईक घेऊन उभी राहिली.

"काकाचं बरोबर होतं," ती म्हणाली. "सूत्रसंचालक लागते. आजच्या दिवस मी हाव. नाव लिहू नका कोनी. पुढं यायचं काम नाही. चिठ्ठी पाठवा, मी वाचतो."

मग तिने घड्या उघडल्या आणि वाचलं: फॉर्म भरताना फोटो मोठा आहे म्हणते, छोटा कसा करावा.

हॉलमध्ये आधी कुणीतरी एकजण हसलं. मग सगळेच. चेष्टेचं हसू नव्हतं ते. भरतीचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा फॉर्म, दाखल्याचा फॉर्म, ज्याने म्हणून या घरांमध्ये फॉर्म भरला आहे तो त्या फोटोपाशी येऊन अडलेला आहे. तिने चिठ्ठी भिंतीला चिकटवली. ती चिकटपट्टीवरून बोट फिरवत होती, तोवर मागच्या रांगांमध्ये कागद फाटण्याचा आवाज सुरू झाला होता.

चिठ्ठ्या आल्या. हातोहात, घड्या घातलेल्या, काही बसच्या तिकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या. ती एकाच सुरात वाचत गेली, कुठल्याही प्रश्नाला हसली नाही, कुठल्याही प्रश्नाला फार छान म्हणाली नाही. कोडिंग शिकायला इंग्रजी किती यावी लागते. ओटीपी मागणाऱ्याचा फोन आला आणि देऊन टाकला तर पुढे काय करायचं. एक चिठ्ठी होती की मोबाइलमधल्या एआयला मी मराठीत विचारतो आणि तो हिंदीत सांगते, काहून? तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याच घरचा पोट्टा दिसते." पोरांसकट सगळे हसले. आणि एक चिठ्ठी जाड, थरथरत्या अक्षरातली: माझा पोरगा घरून काम करतो म्हणते, दिवसभर कंप्युटरपुढे बसून तो नेमकं करते काय? ती वाचल्यावर एक तरुण मुलगा खुर्चीत खाली सरकला. त्या चिठ्ठीचा विषय घेऊन बसलेला कोपरा दुपारपर्यंत उठलाच नाही. मुलाने लॅपटॉप आणला, आणि बापासोबत बाकीच्यांचेही बाप येऊन बसले.

घड्याळात अकरा कधी वाजून गेले, ते काकांनीही पाहिलं नसावं. रांगा मोडल्या. तीच माणसं, त्याच खुर्च्या, आता आपणहून गोल झाल्या. फोटोच्या कोपऱ्यात अभनपूरची मुलगी समजावून सांगत होती हिंदीत, बायका विचारत होत्या मराठीत, आणि तिची आई मध्येच दोन्हीकडून बोलत होती. कुणाचंच काही अडलं नाही. प्राध्यापक एआयच्या कोपऱ्यात खुर्ची ओढून बसले आणि तावातावाने वाद घालायला लागले. भाषणाचे कागद त्यांच्या खुर्चीवरच राहिले होते. मी ते उचलून जपून ठेवले, कारण तेही कुणीतरी मेहनतीने लिहिलेले होते.

तिने बॅगमधून परत आणलेला तो प्रश्न, तो मी शेवटपर्यंत तिला विचारला नव्हता. दुपारी पाहिलं तर वेबसाइट सुरक्षित कशी ठेवायची या कोपऱ्यात ती स्वतः खाली बसली होती आणि माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला काहीतरी विचारत होती, कपाळाला आठ्या घालून, मान पुढे करून. त्यालाही सगळं येत नव्हतं. दोघं मिळून शोधत होते.

संध्याकाळी ती आभार मानायला पुन्हा डाव्या बाजूला उभी राहिली, तेव्हा सगळ्यात मागून, दाराकडून, एक चिठ्ठी निघाली. चार घड्यांची. रांगा आता उरल्या नव्हत्या, म्हणून ती वाकडीतिकडी, या गोलातून त्या गोलात फिरत तिच्यापर्यंत आली. तिने उघडली, आणि दिवसभराचा नियम पाळून, नाव न घेता, त्याच सुरात वाचली.

"पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी हॉल रिकामा आहे."

अक्षर ओळखायची कुणाला गरज पडली नाही. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. काका पाठ करून खुर्च्या एकावर एक रचत होते, नेहमीपेक्षा जरा जास्तच आवाज करत. तिने ती चिठ्ठीही बाकीच्यांच्या ओळीत भिंतीला चिकटवली, आणि मग खुर्च्या उचलायला त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.