गाडी की पाय?

करंट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करणाऱ्या या माणसाला मित्रांनी ते चेष्टेनं ठेवलं होतं. त्याच्या अंगात करंट कमी आणि काळजीच जास्त. दुकान बंद करताना दोन कुलपं लावायचा आणि थोडं पुढं गेला की मागं येऊन दोन्ही ओढून बघायचा. अर्थात दोष त्याच्या एकट्याचा नाही, अख्खं घराणंच तसलं. थोरला भाऊ, म्हणजे दादा, पत्राचं पाकीट डिंकानं चिकटवून वर टेपही लावणारा.

त्या सकाळी वहिनीचा फोन आला. आवाज अगदी दबका.

"भावजी, गाडीचा गिअर पीमधून निघतच नाहीये. हे म्हणतात वायरिंग गेलं. तुम्ही या, बघा, पण मला खरं सांगा. गाडी बिघडलीय की ह्यांचा पाय? पाय असेल तर किल्ली आजपासून माझ्या कपाटात."

गेल्या वर्षी दादाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पुष्कळ व्यायामानंतर डॉक्टरांनी नुकतीच गाडी चालवायला परवानगी दिली होती आणि तेव्हापासून दादा पुन्हा माणसात आला होता. आता ऑटोमॅटिक गाडीचं असं, की ती उभी असताना गिअर पी म्हणजे पार्किंगवर असतो; ब्रेक दाबला की पेडलमागचा छोटा स्विच मागचा लाल दिवा लावतो आणि गिअरच्या दांड्याचं कुलूपही सोडतो. ब्रेक नीट दाबलाच गेला नाही, तर दांडा हलत नाही.

करंट पोचला तेव्हा दादा इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगमागं फुरंगटून बसला होता. "आलास? बाईसाहेब रुसल्यात."

"कोण रुसलंय?" वहिनीनं फाटकातून विचारलं.

"गाडी गं, गाडी!"

करंटनं दादाला उतरवलं, स्वतः बसला आणि जीव खाऊन ब्रेक दाबला. दांडा लोण्यातून सुरी फिरावी तसा सुटला. गाडी ठीक निघाली म्हणून त्याला जन्मात पहिल्यांदाच रडू आलं. दांडा पीमध्ये परत टाकून त्यानं दादाला बसवलं. दादानं दाबलं. दांडा ढिम्म.

"बघ, तुला घाबरते ती," दादा हसला. वहिनी हसली नाही. तिनं करंटकडे पाहिलं, करंटनं स्वतःच्या चपलांकडे.

"अरे, दांड्याशेजारी ती खाच आहे ना, त्यात स्क्रू ड्रायव्हर खुपस आणि सोडव," दादा म्हणाला. "मला जायचंय."

तसं करता आलं असतं. 'वायरिंग होतं' म्हणायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. पण कोपऱ्यावर शाळा होती. करंटला डोळ्यांसमोर मुलं दिसली, मग त्यांच्या आया दिसल्या, आणि त्याचा हात अवजारांच्या खोक्यापर्यंत जाऊन परत आला.

"वहिनी, मागं उभ्या राहा. लाल दिवा लागला की सांगा. दादा, दाब."

"नाही लागला."

"अजून दाब."

"नाही."

"अजून!"

"अहो, कपाळाची शीर फुगली ह्यांची... लागला! गेला."

करंट थबकला. लागला म्हणजे पाय पोचत होता, पण फार उशिरा. हा दिवा तर पायाच्या नुसत्या भारानं लागायला हवा. दादाला उतरवून तो पुन्हा बसला आणि या वेळी नेहमीसारखा हलकेच दाबला.

"लागला?"

"छे."

म्हणजे मघाशी भीतीपोटी त्यानं सगळं वजन घातलं होतं, एवढंच! तो डॅशबोर्डखाली उलटा शिरला. पेडल वर असताना स्विच ज्या रबरी ठोकळ्यानं दाबलेला राहतो, तिथं ठोकळा नव्हताच. चपलेच्या तळाचे दोन तुकडे होते, एकावर एक चिकटवलेले. एवढ्या जाडीमुळं पेडल बरंच खाली गेल्याशिवाय स्विच सुटतच नव्हता.

"दादा, हे काय?"

"ते होय... मूळ रबराचा भुगा झाला होता, ब्रेक न दाबताही दिवा सारखा जळत राहायचा. म्हणून एक तुकडा लावला."

"इथं दोन आहेत."

"एक निसटला तर?"

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी सोडून माझा पाय तपासत बसला असतास."

"ती चप्पल माझी आहे," वहिनी मागून म्हणाली.

करंटनं खोक्यातला नवा ठोकळा लावला आणि दादाला पुन्हा स्टिअरिंगमागं बसवलं. दादानं पाय टेकवला न टेकवला, तोच वहिनी ओरडली, "लागला!"

मग पुढं येऊन तिनं हळूच विचारलं, "म्हणजे पाय ठीक आहे ना?"

हो म्हणायला करंटचा किती जीव तुटत होता. "दिवा लागतो एवढं कळलं, वहिनी. गाडी थांबते का, ते बघायचंय."

दादाचा चेहरा पडला, पण त्यानं पट्टा ओढून लावला. करंट शेजारी बसला, त्यानंही पट्टा लावला, हात हँडब्रेकवर ठेवला. "मी 'थांब' म्हटलं की थांबव."

गल्ली रिकामी होती. गाडीनं थोडा वेग घेतला. आता म्हणावं, आता म्हणावं, असं करताकरता म्हणायचं राहूनच गेलं, तेवढ्यात बोळातून एक बाई सायकल ढकलत समोर आली. दादानं ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. पट्टा करंटच्या खांद्यात रुतला. बाईनं मान वळवूनही पाहिलं नाही.

"तू थांब म्हणणार होतास ना?" दादानं विचारलं.

"म्हणतच होतो."

मागून धापा टाकत वहिनी आली. ती किल्ली मागेल असंच दोघांना वाटलं. तिनं मागचं दार उघडलं, आत बसली आणि पट्टा लावला.

"पुढं बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि भावजी, तुम्ही उतरू नका एवढ्यात."

करंट उतरला नाही. त्यानं हँडब्रेकवरचा हातही काढला नाही, आणि दादानंही काढ म्हटलं नाही.