कंपनीची राळ

आमच्या घरात एक चुकीचा शब्द शिरला तो माझ्या नवऱ्यामुळे. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगते, तेव्हा लिहायला काही हरकत नाही. ते खोडाळा ते मोखाडा जीप चालवतात. दिवसभर पॅसेंजरांना तोंड देऊन त्यांना एक सवय लागली आहे. कोणी काहीही विचारलं की ऐकणाऱ्याला बरं वाटेल असं उत्तर देऊन मोकळं व्हायचं. "गाडी कधी सुटणार?" "ही काय, सुटलीच." मग गाडी भरेपर्यंत सगळे आत घामाघूम होऊन बसलेले. मी त्यांना यावरून बोलते, ते हसतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी पडवीत मशीनवर ब्लाउज शिवते. रेझिनचा नाद लागला तो मोबाईलवर बघून. दोन बाटल्या असतात, एकीत रेझिन आणि दुसरीत ते घट्ट करणारं औषध. दोन्ही मापात मिसळायचं, साच्यात ओतायचं, मध्ये एखादं फूल ठेवायचं. वाळलं की काचेसारखं लख्ख. माझं माहेर साखरशेतचं. लहानपणी मी सोनकीची फुलं वहीत दाबून ठेवायचे आणि दिवाळीपर्यंत ती चहाच्या गाळासारखी काळपट व्हायची. ते पिवळं तसंच राहतं म्हटल्यावर मी वेडी झाले. दुसरा शब्दच नाही.

सुरुवातीला मी हे सगळं शिरा करावा तसं केलं. स्वयंपाकघरात, चहाच्या कपाने मोजून, खिडकी लावून, कारण वाऱ्याने धूळ चिकटते असं कुठंतरी ऐकलं होतं. डोकं असं धरलं की दुपारी कात्री हातात घेववेना. मनगटावर पुरळ उठलं ते मी रॉकेलने पुसलं, आणखी भडकलं. एकदा एकदम जास्त मिसळून दह्याच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, तर ते आपलं आपणच तापलं, डबा वाकडा झाला आणि धूर निघायला लागला. शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "डाळ लागली गं तुझी." मी म्हटलं, "हो, लागली."

मग खोक्यात आलेला कागद मी एकदाचा नीट वाचला. त्यात माझी सगळी अक्कल आधीच लिहून ठेवलेली होती, म्हणजे काय काय करू नये ती. मोखाड्याच्या मेडिकलमधून हातमोजे आणवले. नवरा म्हणाला, "कुणाचं ऑपरेशन हाय?" ठाण्याला कामाला असलेल्या भावाकडून रंगकाम करणारे लावतात तसला गाळणीचा मास्क मागवला, कारण साध्या फडक्यातून वास सरळ आत येतो. कप वेगळा, काडी वेगळी, छोटा वजनकाटा वेगळा, आणि सगळ्यावर लाल नेलपॉलिशने फुली. एका वेळी थोडंच मिसळायचं. अंगाला लागलं तर साबण आणि पाणी. कडा घासायच्या त्या पाण्यात बुडवून, म्हणजे भुकटी उडत नाही. काम चालायचं मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, दार सताड उघडं टाकून.

तिथंच सासूबाईंनी मला मास्कमध्ये पाहिलं. दाराशी थांबून त्या बघत राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "ही काय करतं? कसला औषध हाय तो?"

आता माणसाने खरं सांगावं ना. यांनी फोनमध्ये रेझिन शब्द घालून मराठी अर्थ बघितलेला होता. म्हणाले, "राळ हाय ती, आये. कंपनीची राळ."

सासूबाईंचा चेहरा तिथल्या तिथं निवळला. राळ म्हणजे घरातलीच गोष्ट. झाडाचा चीक वाळून त्याचे खडे होतात ते. आमच्याकडे ते निखाऱ्यावर टाकून धुरी देतात, देवाला, गुरांना, बाळंतिणीला. सुनेचं खूळ एकदम सोज्वळ झालं. आल्यागेल्याला त्या सांगायला लागल्या, "आमची सून राळेची फुलां बनवतं." मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर ते सोयीचंही होतं. त्या घरात माझ्या एकटीचं असं तेवढंच होतं. शिवणकाम लोकांचं, स्वयंपाक सगळ्यांचा. ते जाऊ नये म्हणून मी गप्प राहिले.

पावसाळ्यात नणंद पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. दवाखान्यातून बाळ घरी यायच्या आधीच मी काम बंद केलं होतं. बाटल्या झाकण घट्ट करून, पोत्यात बांधून गोठ्यात टांगल्या. ओल्या हवेत नाहीतरी रेझिन चिकटच राहतं. सगळं सुरक्षित केलं म्हणून मी स्वतःवर खूष होते. फसलेले तुकडे तेवढे एका डब्यात चुलीजवळच्या कोनाड्यात राहिले. ते तर वाळलेले होते, त्यांचं कुणाला काय होणार? त्यात मी मधाळ रंग घातलेला होता, आणि चुकून फुटलेले ते खडे दिसायला हुबेहूब राळ.

बाळबाळंतिणीला अंघोळीनंतर धुरी द्यायची पद्धत आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी धुराबद्दल बजावलं होतं, बाळाला सोसत नाही म्हणून. सासूबाईंनी मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, चिमूटभराने काय होतंय. पण घरातली राळ संपलेली. बाजारात खडे घेऊन बसणारी म्हातारी पावसामुळे आली नव्हती.

मी पडवीत मशीनवर होते. आतून सासूबाईंचा आवाज आला, अगदी प्रेमाने नणंदेला सांगत होत्या, "थांब, वैनीच्या डब्यातली घेतं थोडी. कंपनीची हाय, चांगली असंल."

मी कशी उठले ते मला आठवत नाही. मशीनवरचा ब्लाउज माझ्या पायात अडकून आतपर्यंत आला. नणंद बाजेवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, पुढं घमेल्यात निखारे, आणि सासूबाईंची मूठ त्यावर. मी त्यांचं मनगट धरलं. सासूचं मनगट मी जन्मात धरलं नव्हतं. मूठ बाजूला झाली, पण एक खडा निसटला. निखाऱ्यावर पडल्याबरोबर काळा, घशात खवखवणारा धूर निघाला. मी नणंदेला ओरडले, "बाळ घे, पडवीत जा." पायातल्या ब्लाउजने घमेल्याची कडा धरून ते तसंच मागच्या दाराने पावसात नेलं आणि उपडं केलं. नंतर दारंखिडक्या सताड उघडल्या. बाळ पडवीत नणंदेच्या मांडीवर जांभई देत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "राळ नाय तं काय हाय ती?"

आता खरं बोलायचं म्हणजे माझं खूळ घराबाहेर जाणार, हे मला स्वच्छ कळत होतं. पण ते बाळ समोर होतं. मी सांगितलं, "राळ नाही आई. प्लास्टिकसारखं असतं. जाळलं की त्याचा विषारी धूर होतो. ओलं असताना त्याचा वासही वाईट, म्हणून तर मी तोंड बांधते." त्या पडवीत गेल्या. बाळाच्या छातीवर हात ठेवून किती तरी वेळ बसून राहिल्या. मला त्यांची फार दया आली.

संध्याकाळी जीप आली. नवरा चप्पल काढतोय तोच सासूबाईंनी विचारलं, "तुझे गाडीत डिझेलचे जागी खोबऱ्याचा तेल घातला तं चालंल का?"

"नाय, आये. असा कसा चालंल?"

"कशापाय? दोन्ही तेलच ना."

यांना आधी कळेना. नणंदेने सांगितलं तसा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून, गाडी कधी सुटणार म्हटलं की ते खरी वेळ सांगायला लागले. पॅसेंजर चिडून दुसऱ्या जीपमध्ये बसायला लागले, तेव्हा पंधरवड्यात ही खरं सांगायची सवय सुटली.

मी मात्र त्या घटनेच्या दुसऱ्याच सकाळी गोठ्यातलं पोतं उतरवलं. कुणी सांगायच्या आधी आपणच टाकून यावं म्हणून. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचा मला राग येत होता. ओढ्याच्या वाटेला लागले तोच मागून सासूबाईंची हाक आली.

"कुठं चाललीस?"

"टाकून देते."

"वढ्यात? खाली लोकां पाणी भरतात." त्यांनी पोतं माझ्या हातून घेतलं आणि परत गोठ्यात टांगलं. "इथंच कर. गुरां कुठं हायत आता? कुडाच्या भिंती, वारा जातं येतं. घरात मात्र एक खडा नको."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण त्या तोवर रिकामी पाटी घेऊन निघूनही गेल्या होत्या.

पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर मी गोठ्यात बसले. खोक्यातल्या कागदापेक्षा सासूबाईंचे नियम कडक निघाले. गोठ्यातून आलं की हातपाय धुवायचे, साडी बदलायची, मग बाळाला हात. हातमोजे धुऊन पुन्हा वापरलेले त्यांना चालत नाहीत. उरलेलं मिश्रण पुरतं घट्ट होऊन डब्यात गेल्याशिवाय मला जेवायला वाढत नाहीत. चुलीजवळचा माझा डबा तर गेलाच, त्या कोनाड्याला मला हातसुद्धा लावायचा नाही.

एक दिवस त्या गोठ्याच्या दारात आल्या. पदराची गाठ सोडली. आत खऱ्या राळेचा एक खडा होता, बाजारातल्या म्हातारीकडून आणलेला.

"हा तुझे त्यात घाल."

"राळेत राळ कशाला, आई?" मी मुद्दाम म्हटलं.

"घाल. बरोबर दिसला पायजे, कुठली कुठली ती."

मी मास्क चढवला, त्यांना लांब उभं केलं आणि ओतलं. बाहेरून पारदर्शक, आत मधाळ खडा. पुरतं वाळल्यावर त्यांनी तो गोठ्याच्या दारावर तारेने टांगला. शेजारीण आली, हातात धरून बघत म्हणाली, "ही तीच ना, तुमचे सुनेची राळ?"

"राळ आत हाय," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरचा काय हाय, त्याला आपल्यात नाव नाय. त्याला नुसता सुनेचा म्हणायचा. आन् सुनेला विचारल्याबिगर हात नाय लावायचा."