विहिरीच्या आलेखातली चढती रेघ

ओल्या खडूचा वास आला की मला बाळापूरकडची ती विहीर आठवते. सरकारी भूजल नोंदीसाठी दर मे महिन्यात मी तिच्यात खडू फासलेला टेप सोडायचो. खडू भिजेल तिथवर पाणी. त्या वर्षी मी पोचलो, तेव्हा गावाचा टँकर नुकताच विहिरीत रिकामा झाला होता. घागर घेऊन आलेली म्हातारी म्हणाली, "लिवू नोको बाप्पा. कागदावर पानी दिसलं त टँकर बंद करतीन." साहेबांनी बजावलेलं, टेप सांगेल तेच लिहायचं, तक्त्यात शेऱ्याला जागाच नव्हती. तापलेल्या काठावर मी भिजला टेप धरून कितीतरी वेळ उभा होतो. शेवटी टेपचंच लिहिलं. आठवड्यात टँकर बंद झाला. आजही त्या विहिरीच्या आलेखात तेवढ्या एका वर्षी रेघ वर चढलेली आहे, आणि ऑफिसातले नवे लोक मला विचारतात, "सर, त्या साली पाऊस दणकून झाला असेल ना?"