निळ्या कपाटाचा ठेका

ठोक्याला मी पाचवीत शिकवलं. तेव्हापासून त्याचे हात त्याचं ऐकत नाहीत. बाक वाजवायचा, भिंत वाजवायचा, आणि कोणी काही बोललं तर त्यालाही वाजवायचा. पुढे गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढायचं काम मिळालं तेव्हा त्याची आई मला म्हणाली, "बरं झालं सर, आता निदान पत्र्याला मारेल."

पत्र्याला मारून जे उरायचं ते माणसांना मिळत राहिलं. काम नीट झालं नाही म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा दात त्यानं पाडला. मग गाडीखाली वाकून तोच दात शोधला, पुसला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "घ्या, तुमचा आहे." हे तो थट्टेनं करत नव्हता.

हे मारणं त्याच्याकडे बापाकडून आलं होतं. बाप पट्ट्यानं मारायचा. बाप वळणावर दिसला की धाकटी बहीण बेबी डब्याच्या झाकणावर दोन ठोके द्यायची. ते ऐकले की ठोक्या हातातलं भांडण तिथेच टाकून पळायचा. बेबी दिवसभर गात असे आणि हाताला लागेल त्या भांड्यावर ताल धरत असे. तिच्यावर मात्र त्यानं कधी हात उगारला नाही.

तिच्या लग्नात त्यानं स्वतः कापून, ठोकून एक लोखंडी कपाट केलं. दोन दारांचं, गाडीला देतात तो निळा रंग दिलेलं. दाराचा पत्रा इतका सपाट की त्यात तोंड दिसावं. नवरा दुसऱ्या गावी गोदामात कारकून होता. आवाज चढवत नसे, पान खात नसे, मोठ्यांशी वाकून बोलत असे. आई म्हणायची, "जावई असावा तर असा. नाहीतर आमचा हा रेडा."

गॅरेजमध्ये जेवणाच्या सुट्टीत पेंटरकाका ऑइलच्या डब्याला फोन टेकवून ठेवत आणि गमतीची गाणी शोधत. कोणी सायकलच्या पंपावर गाणं वाजवलेलं, कोणी बकरीच्या ओरडण्याला ढोल जोडलेला. माझं घर समोरच. निवृत्त झाल्यापासून मीही तिथे जाऊन बसतो. एकदा असंच शोधता शोधता एक स्वयंपाकघर आलं. मागे निळं कपाट, पुढे डबे मांडून बसलेली बाई. एक रडकं, संथ गाणं ती दुप्पट वेगात गात होती आणि डाव-झाऱ्यानं डबे बडवत होती. तोंडं अशी करत होती की पेंटरकाकांना ठसका लागला.

"अरे, ही आपली बेबी!" ठोक्या उठलाच. "काका, मागे घ्या. मागे घ्या!"

'भांडीवाली' या नावानं तिनं बरीच गाणी टाकली होती आणि हजारो लोक ती बघून हसत होते. फोनवर बेबी नेहमी थोडकंच बोलायची, जावई शेजारी असायचे. इथे मात्र ती पोटभर गात होती. ठोक्यानं सगळी गाणी पाहिली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आणि मग त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं. डाव्या दारावर पोचा होता. पुढच्या गाण्यात दोन. त्याच्या पुढच्यात आणखी.

"सर, बघा, पोरीला वस्तू वापरायची अक्कल नाही," तो मला म्हणाला. खरोखर दुखावला होता. एका बोटानं टाइप करत त्यानं गाण्याखाली लिहिलं: "ए मठ्ठ, कपाटाचं काय केलंस? पोचे कसले ते? माझ्या हाताचं काम आहे."

आम्ही हसलो. मीही.

त्यानंतर आलेल्या गाण्यात कपाटावर फुलाफुलांची चादर टाकली होती. बेबी गायली, पण तोंडं केली नाहीत. शेवटी फोन बंद करायला ती उठली, कोणीतरी आत आलं, चित्र हललं. 'धडाड-धम' असा आवाज झाला, एक झाकण घरंगळत गेलं, तिच्या तोंडून अर्धा 'अ' आला आणि पडदा काळा झाला.

लोकांना तोच तुकडा आवडला. डबे कोसळले असंच सगळ्यांना वाटलं. कोणीतरी त्याचा रिमिक्स केला: धडाड-धम, झाकणाची गरगर, अर्धा 'अ', पुन्हा धडाड-धम. न्हाव्याच्या दुकानात तो, रिक्षात तो, पोरांच्या तोंडी तो. गॅरेजात तो लागला की ठोक्या मडगार्डवर साथ द्यायचा. एकदा तर गाडीच्या टपावर चढून नाचला. "माझ्या बहिणीनं गाव हलवलंय!" पेंटरकाकांनी ते नाचणंही फोनमध्ये घेतलं आणि 'भांडीवाली'चं नाव जोडून लोकांना बघायला टाकलं.

मग एक पांढरी गाडी आली. तिनं एका सायकलवाल्याला उडवलं होतं. तो माणूस वाचला नव्हता. बॉनेटवर काचेजवळ एक पोचा होता, मध्ये खोल आणि कडेला मऊ, आणि वायपरला केस अडकले होते. ठोक्यानं केस काढून कागदात ठेवले आणि पोच्यावर पालथा हात फिरवला. तिथेच थांबला.

काकांच्या फोनवर रिमिक्स वाजत होता.

"बंद करा."

"अरे, आत्ता कुठे रंगात—"

"काका, बंद करा. ते मूळचं लावा. शेवट लावा."

त्यानं शेवट ऐकला. पुन्हा ऐकला. मग चामडं गुंडाळलेली लाकडी मोगरी उचलली आणि शेजारच्या सुट्या दारावर मारली. धडाड-धम.

"झाकण नंतर पडलंय," तो हळू आवाजात म्हणाला. "आधी पत्रा वाजलाय. आणि पत्र्यावर भांडं नाही आदळलं. भांडं आदळलं तर खण्ण वाजतं. हे मऊ आहे. हे डोकं आहे."

त्यानं हातोडी घेतली आणि निघाला. मी आडवा गेलो. "ती ठेव इथं."

"ठेवतो. हात कुठे ठेवू, सर?"

म्हणून मी त्याच्याबरोबर गेलो. बसमध्ये तो समोरच्या सीटची दांडी धरून बसला होता. उतरलो तेव्हा ती वाकलेली होती.

दार जावयांनीच उघडलं. "या दादा, या. सरही आलेत! अगं, पाणी आण."

बेबी तांब्या घेऊन आली. एक डोळा मिटलेला, जबडा सुजून काळानिळा. "पाय घसरला तिचा," जावई म्हणाले.

ठोक्यानं कपाटावरची चादर ओढली. डाव्या दारावर, खांद्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीत, पोचेच पोचे. एकाच्या घडीत रक्त वाळून गंजासारखं झालं होतं.

"आणि हे? हेही घसरले?"

"तुम्ही ते कपाटाचं चारचौघांत लिहिलंत ना," जावई तसेच शांतपणे म्हणाले, "म्हणून तिला जरा समजवावं लागलं. घरातलं बाहेर कशाला?"

ठोक्यानं त्यांची मान धरली आणि डोकं कपाटावर आपटलं. धडाड-धम. फळीवरचं झाकण सुटलं आणि गरगरत कोपऱ्यात गेलं. त्यानं पुन्हा आपटलं. नाक फुटलं, निळ्या दारावर रक्ताचा ओघळ आला, पुढचे दोन दात फरशीवर पडले. मी त्याच्या दंडाला लटकलो होतो. झाडाला लटकावं तसा. तिसऱ्यांदा त्यानं डोकं मागे खेचलं, आणि यावेळी ते कपाटाच्या धारेवर जाणार हे मला दिसलं.

टक्. टक्.

बेबीनं ते झाकण उचलून फरशीवर दोन ठोके दिले होते.

ठोक्याचा हात उघडला. जावई खाली घसरले आणि मोठमोठ्यानं रडू लागले. इतक्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"मेला तर तू आत जाशील," बेबी म्हणाली. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते. "मग मी कुणाकडे जाऊ? पुरे आता. कपाट उचल. माझं आहे ते."

टेम्पोत कपाट आडवं घातलं आणि आम्ही त्याच्या कडेला बसलो. वेशीबाहेर आल्यावर ती म्हणाली, "शेवट कापता येतो, दादा. मी नाही कापला. ते माझी गाणी शेवटपर्यंत बघत नाहीत. तू पत्र्याचा आवाज ओळखशील म्हणून ठेवला."

ठोक्यानं कपाटाच्या कडेवरचा हात काढून घेतला.

"मग मी रोज बघत होते, तुझं काही आलंय का. तर पेंटरकाकांनी तुझा नाच टाकलेला." ती रस्त्याकडे बघत होती. "चांगला नाचतोस."

त्यानं स्वतःच्या कानशिलात मारली. पुन्हा मारली. तिनं त्याचा हात धरून आपल्या मांडीखाली दाबून ठेवला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

आता दोन्हीकडून तक्रारी आहेत. जावयांचं नाक आणि दात एका बाजूला, बेबीचा जबडा आणि ते न कापलेलं गाणं दुसऱ्या बाजूला. बेबीच्या वकीलबाईंनी बजावलंय, की कोर्टानं पाहीपर्यंत कपाटाला कोणी हात लावायचा नाही. म्हणून ते गॅरेजच्या मागच्या भिंतीशी उभं आहे, सगळ्या पोच्यांसकट, जावयांच्या रक्तासकट. पोचा दिसला आणि ठोक्यानं हातोडी उचलली नाही, असं या जन्मात आजवर झालं नव्हतं. तो कामावर येतो, कपाटासमोर उभा राहतो, हात बगलेत घालतो.

पेंटरकाकांनी नाचाचा व्हिडिओ काढून टाकला. रिमिक्स कोणाला काढता आला नाही. तो फिरतोच आहे. काल एक रिक्षा तो वाजवत गॅरेजसमोर थांबली. ठोक्या बाहेर गेला. आम्ही सगळे उठलो. त्यानं खिडकीत वाकून विचारलं, "जरा बंद करता का? माझी बहीण आहे ती."

रिक्षावाला हसला. त्यानं आवाज आणखी वाढवला.

ठोक्याची मूठ वळली. तशीच वळलेली मूठ घेऊन तो परत आत आला आणि कपाटाकडे पाठ करून बसला. आमचा चहा घेऊन आलेल्या बेबीनं कप त्याच्यापुढे धरला. कप घ्यायला त्याला मूठ उघडावी लागली.