मामांच्या गॅरेजमधला हिवाळा

सिल्वासात हिवाळा असतो यावर मनापासून विश्वास असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इथली थंडी म्हणजे काय, तर डिसेंबरात पंखा पाचावरून दोनावर आणायचा आणि पहाटे पायाशी चादर शोधायची. पण दिवाळीचा आकाशकंदील उतरला की मामा घराला लागून असलेल्या आपल्या मोटरसायकलींच्या गॅरेजची अशी तयारी सुरू करतात, की जणू उद्यापासून बर्फ पडणार आहे. शटरच्या फटींत पोत्यांचे बोळे कोंबायचे, पत्र्याखाली जुन्या चादरी ताणायच्या, आणि जवळच्या रांधा गावातल्या एका पोल्ट्रीवाल्याकडून आणलेले, कोंबडीच्या पिलांना ऊब देणारे चार दांडगे बल्ब दोरीने टांगायचे. भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी तापमापक लटकतो. तो बावीसच्या खाली असेल तर मामा पान्याला हात लावत नाहीत. नुसतं पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही ते स्टुलावर बसवतात आणि सांगतात, "गाडी तापू द्या जरा. इंजिनले हिव वाजस." पंक्चरचा आणि इंजिनाच्या हिवाचा संबंध काय, हे विचारण्याआधीच त्या बिचाऱ्याचा शर्ट पाठीला चिकटलेला असतो.

या वेडाला शास्त्र आहे. मामा धुळ्याकडून इथे आले आणि तीस वर्षं सुताच्या कारखान्यात धागा तापवून पीळ देणाऱ्या यंत्रावर राहिले. तिथे उष्णता दोन अंशांनी उतरली की धागा तुटतो, आणि धागा तुटला की साहेब तुटून पडतो. त्या खात्यात हवा राखायची ती धाग्यासाठी. माणसांचं काय व्हायचं ते होवो. मामांनी हा न्याय निवृत्तीनंतर सरळ घरी आणला. "सूतले थंडी चालस नही, मंग लोखंडले कशी चालई?" असं ते विचारतात. लोखंडाने आजवर यावर उत्तर दिलेलं नाही, त्यामुळे वाद तिथेच संपतो.

गल्लीतल्या गुजराती बायकांनी मात्र या शास्त्राचा खरा उपयोग ओळखला. हिवाळ्यात ढोकळ्याचं पीठ नीट आंबत नाही, म्हणून त्या आपापली पातेली झाकून गॅरेजच्या फळीवर ठेवून जातात. मामा कार्बोरेटर साफ करत असले तरी बाहेरून हाक येते, "मामा, आथो आवी गयो?" मग मामा फडक्याला हात पुसतात, झाकण उचलतात, पीठ फुगलंय का ते डॉक्टरच्या गांभीर्याने पाहतात आणि निकाल देतात, "हजी वार छे," म्हणजे अजून वेळ आहे. मी एकदा गाडीचं काम कुठवर आलं म्हणून विचारलं, तर मलाही हेच उत्तर मिळालं.

एवढ्या वर्षांत मामांनी आपला पाना दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता. मला तर नाहीच, कारण मी जावई. जावयाने खुर्चीत बसायचं, चहा घ्यायचा, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि दुसऱ्यांदा घ्यायचा. एकदा मी खाली पडलेला नट उचलून दिला, तर मामींनी मला हात धुवायला साबण आणि नवा टॉवेल आणून दिला. मामा दिवसभर ओशाळल्यासारखे वागत होते.

गेल्या डिसेंबरात सुरंगी गावच्या शाळेत जाता-येता माझ्या गाडीचं इंजिन खडखडायला लागलं. मामांनी ते उघडलं. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी शिक्षक माणूस, वडापच्या जीपमध्ये कोंबड्यांसह शाळेत पोचत होतो. शेवटी एका सकाळी न कळवता गेलो, चार शब्द सुनवायचेच असं ठरवून.

शटर अर्धं वर होतं. चारही बल्ब लागलेले होते, पण माझी गाडी लांब कोपऱ्यात अंधारात उभी होती. बल्ब खाली ओढून एका उलट्या खोक्यावर आणले होते, आणि खोक्यावर मामांचे दोन्ही हात पालथे ठेवलेले होते. बोटं वाकडी, ताठ. मामी समोर वाकून त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या.

मी मागे सरलो. मामींनी पाहिलंच. बाहेर येऊन त्या हळूच म्हणाल्या, "कोनले सांगू नका, जावईबापू. थंडीमा बोटं आखडी जातस. दोन वरीस व्हयनात. लोकेस्ले समजनं तं गाड्या येवानं बंद व्हई, आन गाड्या बंद व्हयन्यात तं हाऊ मानूस बशी जाई."

मी आल्या पावली वडापची जीप पकडली. मला स्वतःची लाज वाटली, हे सांगून टाकतो. दोन हिवाळे मी इंजिनाच्या हिवावर हसत होतो.

पुढच्या रविवारी गेलो. इंजिन जुळवायचं होतं. मामांच्या हातून एक लहान बोल्ट पडला. "बोल्ट थंडा शे," ते म्हणाले. बल्ब जवळ ओढला. बोल्ट पुन्हा पडला, तिसऱ्यांदाही पडला आणि घरंगळत माझ्या खुर्चीशी आला. तापमापकात सव्वीस होते. मामांनी तापमापकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी पाना पुढे केला.

मी खुर्चीतून उठलो. बोल्ट लावला. तिरका बसला होता. मामांनी काढून पुन्हा लावायला लावलं, चार वेळा. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "आवो, जावईले काम लावतस?"

मामांनी उठून एकेक करत चारही बल्ब मालवले.

"त्यास्ना हात गरम शेतस," ते म्हणाले.

तेव्हापासून रविवार ठरलेला. मामा इंजिनाला कान लावून दुखणं सांगतात, मी नट आवळतो आणि शिव्याही खातो. त्या मामांनी जावयासाठी राखून ठेवल्या असाव्यात. मामींनी साबण देणं बंद केलंय. बल्ब आता फक्त ढोकळ्यासाठी लागतात.

यंदाचाही डिसेंबर उजाडला. परवा रविवारी सकाळी स्वेटर चढवून निघालो, तर बायको पंख्याकडे बोट दाखवून विचारते, "एवढ्या उकाड्यात हे काय?"

म्हटलं, "मामांकडे थंडी असते."