पडीक म्हणून नोंदवलेलं शेत

त्या शेताचं प्रकरण मी विसरू शकलेलो नाही. तपासासाठी मला बक्षीस मिळालं, सेवापुस्तकात चांगली नोंद झाली. तरीही ते आठवलं की मान खाली जाते.

पुण्याच्या वेशीवरच्या गावांत तेव्हा संगणक कंपन्या येऊ लागल्या होत्या. पिढ्यानपिढ्या एकराची भाषा बोलणारी माणसं चौरस फुटांत बोलायला लागली होती. मी त्या भागातल्या ठाण्याचा प्रमुख होतो.

एके दिवशी पन्नाशीच्या एक विधवा बाई अर्ज घेऊन आल्या. त्यांचे सासरे कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसत होते. कूळकायद्याने ती त्यांच्या मालकीची झाली आणि पुढे या बाईंच्या नावावर आली. आता कोणीतरी बनावट कुलमुखत्यारपत्र करून ती परस्पर विकली होती.

"साहेब, म्या कुणाला इकली न्हाय. शाळू उभा हाय रानात, येऊन बघा," त्या म्हणाल्या.

मी अर्ज न वाचताच सांगितलं, "बाई, ही दिवाणी बाब आहे. कोर्टात जा."

आठवडाभरात जमीन विकत घेणाऱ्या कंपनीकडून कुंपण घालण्यासाठी बंदोबस्ताची मागणी आली. खरेदीखत, सातबारा, सगळं सोबत जोडलेलं. मी स्वतः फौज घेऊन गेलो. ज्वारी छातीएवढी होती, कणसं भरली होती. यंत्र शेतात शिरलं तशा त्या बाई आडव्या झाल्या. मी महिला शिपायांना सांगून त्यांना गाडीत बसवलं. दुपारपर्यंत रान सपाट झालं.

ठाण्यात परतल्यावर हवालदारांनी विचारलं, "साहेब, अहवालात जमिनीचं वर्णन काय लिहू?"

"सातबाऱ्यावर काय आहे?"

"पडीक."

"मग तेच लिहा."

त्यांनी अहवालाचा कागद पुढे ओढला. त्यांच्या बुटांना अजून ज्वारीची पाती चिकटलेली होती. त्यांनी लिहिलं, मी सही केली.

दोन महिन्यांनी कसबा पेठेत दस्त टाइप करून देणारे एक गृहस्थ भेटायला आले. खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाले, "अहो, त्या शेताचं कुलमुखत्यारपत्र मीच टाइप केलं होतं. त्यावर अंगठा देणारी बाई आमच्या गल्लीत भांडी घासते. एवढी जमीन असती तर आमच्या खरकट्यात हात घातला नसता तिने."

मी त्या मोलकरणीला बोलावलं. पहिल्याच प्रश्नाला ती रडू लागली. रेशनकार्डासाठी अंगठा लागतो, असं सांगून एका एजंटाने तिला नेलं होतं. एजंट मात्र मुरलेला निघाला. दिवसभर त्याचं एकच पालुपद, "कागद रीतसर आहेत. हिला मी ओळखत नाही. खऱ्या मालकिणीनेच अंगठा दिलाय."

तेव्हा मी दप्तरातून बाईंचा जुना अर्ज मागवला. खाली ठसठशीत अक्षरांत त्यांची सही होती. प्रौढ साक्षरता वर्गात त्या लिहायला शिकल्या होत्या आणि पुढे सोसायटीत, बँकेत सगळीकडे सहीच करत आल्या होत्या. मी अर्ज एजंटापुढे ठेवला. "जी बाई सही करते, ती तुमच्याकडेच अंगठा का देईल?" त्याने पाणी मागितलं. ठसे तज्ज्ञांकडे पाठवले, ते मोलकरणीचेच निघाले. एजंट गजाआड गेला, सातबाऱ्यावर पडीक लिहिणारा तलाठीही निलंबित झाला.

तो अर्ज आमच्याच कपाटात होता. पहिल्या दिवशी वाचला असता तर शेत वाचलं असतं.

तिकडे बाईंनी बांधकाम थांबवण्यासाठी दावा लावला होता. विकत घेणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही कागद बघून जमीन घेतली, बाईंचा तिथे ताबाच नव्हता. पुरावा म्हणून माझा अहवाल जोडला होता. मला साक्षीला बोलावलं.

बाईंच्या वकिलांनी विचारलं, "अहवाल राहू द्या. प्रत्यक्षात शेतात पीक होतं की नव्हतं?"

खरं सांगितलं तर खोटा अहवाल दिल्याबद्दल खातेनिहाय चौकशी लागली असती. बढतीच्या यादीत माझं नाव होतं. समोरच्या बाकावर बाई बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो.

मनाई हुकूम मिळाला नाही. इमारत उभी राहिली. दावा कित्येक वर्षं चालला आणि शेवटी तडजोडीत मिटला. जमीन परत मिळाली नाही.

साक्षीनंतर जिन्यात बाईंनी मला गाठलं. शिव्या देतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमी व्हता की तिथं," एवढंच म्हणाल्या. त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. मी घड्याळ बघितलं आणि गाडीकडे चालू लागलो.

पुढे बढती मिळाली. नव्या फौजदारांना शिकवताना मी बजावून सांगायचो, "जागेवर जा, डोळ्यांनी बघा आणि जे दिसलं तेच लिहा." पोरं वहीत उतरवून घ्यायची. एकाने एकदा विचारलं, "सर, हे आपण कोणत्या प्रकरणात शिकलात?"

मी त्याला दुसऱ्याच एका प्रकरणाचं नाव सांगितलं.